लघुउद्योगांची संगणकीय दप्तरे : सुरक्षा आणि जतन

व्यापाऱ्याची वही ही त्याची पत होय, अशी जुन्या पेढ्यांची धारणा होती. रोजकीर्द त्या त्या दिवशीच लिहिली जाई, सायंकाळी शिल्लक मोजून मेळ घातला जाई, खतावणी वेळच्या वेळी होई आणि पेढी बंद करताना वह्या तिजोरीत ठेवल्या जात. तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी, वही कोणी लिहावी आणि कोणी तपासावी, याचेही नियम ठरलेले असत. आग, वाळवी, चोरी आणि अफरातफर या चारही संकटांचा विचार या शिस्तीमागे होता.

आज ही वही संगणकात गेली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून कराची विवरणपत्रे संगणकाद्वारेच दाखल करावी लागतात. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या बहुतेक व्यावसायिकांना अन्य नोंदणीकृत व्यावसायिकांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजकही काढावे लागते. इचलकरंजीचा यंत्रमागधारक, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्री, सांगलीची हळदीची पेढी, नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, तालुक्याच्या गावातील पतसंस्था अगर औषधांचे दुकान, यांपैकी कोणाचाही व्यवहार आता संगणक आणि मोबाइल फोन यांवाचून पुरा होत नाही. येणी-देणी, मालाचा साठा, कामगारांचे पगार, साच्यांची रेखाचित्रे आणि ग्राहकांचे पत्ते हे सारे एका लहानशा पेटीत सामावलेले असते.

मात्र वही संगणकात जाताना तिच्याभोवतीची शिस्त सर्वत्र तिच्याबरोबर गेली असे दिसत नाही. तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती न देणारा मालक संगणकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो. रोजचा मेळ घातल्याशिवाय घरी न जाणारा हिशेबनीस दप्तराची प्रत महिनोन्महिने काढत नाही. लघुउद्योगाच्या संगणकीय सुरक्षेचा प्रश्न हा मुख्यतः महागड्या यंत्रसामग्रीचा प्रश्न नसून या हरवलेल्या शिस्तीचा प्रश्न आहे. ही शिस्त कोणती व ती थोडक्या खर्चात कशी पाळता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

“आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?”

लहान व्यावसायिकांमध्ये एक समज रूढ आहे. मोठ्या बँका आणि बड्या कंपन्या यांच्यावर हल्ले होतात, आपल्यासारख्या लहान धंद्याकडे कोण लक्ष देणार, असा तो समज होय. दरोडेखोर घर पाहून दरोडा घालतो, या अनुभवावर तो आधारलेला आहे. संगणकीय हल्ल्यांची रीत मात्र निराळी आहे. बहुसंख्य हल्ल्यांत माणूस घर निवडीत नाही. यंत्रच लाखो दारे ढकलून पाहते आणि जे दार उघडे सापडेल त्यातून आत शिरते.

१२ मे २०१७ रोजी सुरू झालेला ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूचा फैलाव हे याचे ठळक उदाहरण होय. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. हा विषाणू विंडोज प्रणालीतील एका दोषाचा फायदा घेऊन, कोणी कळ दाबण्याची वाट न पाहता, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर आपोआप जात असे. तो दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती आपल्या संगणकांवर बसवली होती त्यांना या दोषामुळे झळ पोहोचली नाही.

लहान उद्योग आणखी एका कारणाने हल्लेखोरांना सोयीचा वाटतो. तो मोठ्या उद्योगाचे दार असतो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जपानमधील टोयोटा कंपनीला सुटे भाग पुरविणाऱ्या एका कारखान्याच्या संगणकांवर हल्ला झाला. तेथील यंत्रणा बंद ठेवावी लागल्यामुळे १ मार्च रोजी टोयोटाला जपानमधील आपल्या सर्व १४ कारखान्यांतील २८ उत्पादन मार्गिका एक दिवस थांबवाव्या लागल्या. सुमारे १३,००० मोटारींचे उत्पादन त्या दिवशी होऊ शकले नाही. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर येथील अनेक लघुउद्योग मोठ्या मोटार कारखान्यांना भाग पुरवितात. मागण्या, आराखडे आणि पुरवठ्याची वेळापत्रके यांची देवाणघेवाण संगणकांवरूनच चालते. एका पुरवठादाराचे दप्तर बंद पडले तर त्याची झळ कोठवर पोहोचू शकते, हे या घटनेवरून ध्यानात येईल.

हानीचे तीन प्रकार

लहान व्यवसायाला संभवणारी संगणकीय हानी मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली दप्तर बंद पडण्याची, दुसरी पैसे भलत्याच खात्यात जाण्याची आणि तिसरी दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती बाहेर फुटण्याची. तिन्हींचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे त्यांचा क्रमाने विचार करणे इष्ट ठरेल.

दप्तराची प्रत

दप्तर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. हार्ड डिस्क जुनी होऊन निकामी होते, विजेच्या दाबातील चढउताराने यंत्र जळते, पुराचे पाणी कार्यालयात शिरते, लॅपटॉप चोरीला जातो. यांच्या जोडीला खंडणीखोर विषाणूंची भर पडली आहे. असा विषाणू संगणकातील फायलींचे एका गुप्त किल्लीच्या साह्याने न वाचता येणाऱ्या सांकेतिक स्वरूपात रूपांतर करतो आणि किल्लीच्या मोबदल्यात पैसे मागतो. ही क्लृप्ती नवी नाही. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने अनेक देशांत पाठविण्यात आल्या होत्या. त्यांतील कार्यक्रम काही काळाने संगणक अडवून धरी आणि १८९ डॉलर पनामा देशातील एका टपालपेटीवर पाठविण्यास सांगे. आज टपालाची जागा ई-मेलने आणि डॉलरच्या हुंडीची जागा आभासी चलनाने घेतली आहे, एवढाच फरक.

या सर्व कारणांवर एकच समाईक उपाय आहे. तो म्हणजे दप्तराची सुरक्षित प्रत. परंतु प्रत कशाला म्हणावे याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली नक्कल ही प्रत नव्हे, कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. संगणकाला कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क हीदेखील भरवशाची प्रत नव्हे, कारण विषाणू तिच्यापर्यंतही पोहोचतो.

जोडलेल्या प्रतींचा भरवसा किती असतो, हे जून २०१७ मध्ये मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीला कळून आले. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू युक्रेन देशात लोकप्रिय असलेल्या एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीतून पसरला. तो कार्यक्रम एका लहानशा कौटुंबिक कंपनीने तयार केलेला होता. तो वापरणाऱ्या मर्स्कच्या कार्यालयातून विषाणू तिच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीच्या सर्व संगणकांची ओळख आणि परवानग्या सांभाळणारे मध्यवर्ती सर्व्हर निरनिराळ्या देशांत मिळून दीडशेच्या आसपास होते. त्यांतील प्रत्येक सर्व्हर इतरांची प्रत म्हणून काम करीत असे. परंतु ते सारे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाच वेळी नष्ट झाले. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातील एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीला आपली यंत्रणा पुन्हा उभारता आली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करण्याचे काम दहा दिवसांत करण्यात आले.

जी प्रत जोडलेली नव्हती तीच उपयोगी पडली, हा या घटनेचा बोध होय. मर्स्कला जे वीज गेल्यामुळे लाभले ते लघुउद्योजकाला ठरवून करता येते. प्रतींच्या बाबतीत ‘तीन, दोन, एक’ असा एक सुटसुटीत नियम रूढ आहे. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी किमान एक कार्यालयाच्या वास्तूबाहेर असावी. लहान पेढीला हा नियम पाळण्यासाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात. त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशी खूण करावी. एका आठवड्यात ‘अ’ डिस्कवर प्रत घ्यावी आणि दुसऱ्या आठवड्यात ‘ब’ डिस्कवर. प्रत घेऊन झाली की डिस्क संगणकापासून काढावी आणि कामात नसलेली डिस्क मालकाच्या घरी कुलपात ठेवावी. डिस्क हरवली तरी मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून तिला पासवर्डचे संरक्षण द्यावे. हिशेबाच्या फायलींची प्रत मात्र रोज सायंकाळी, मेळ घातल्यानंतर, निघाली पाहिजे. इंटरनेटवरील भाड्याच्या साठवणजागेचा उपयोग केल्यास वास्तूबाहेरची प्रत आपोआप होते. मात्र तेथे फायलीच्या जुन्या आवृत्त्या काही काळ राखून ठेवल्या जातात की नाही, हे पाहून घ्यावे. अन्यथा बिघडलेली फाइलच चांगल्या फायलीची जागा घेईल.

प्रत घेणे आणि प्रत परत उभी राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्षभर नेमाने काढलेली प्रत ऐन वेळी उघडत नाही, डिस्कवर भलताच कप्पा उतरलेला असतो, किंवा हिशेबाच्या जुन्या कार्यक्रमाची परवाना-किल्ली सापडत नाही, असे प्रसंग घडतात. सबब तीन महिन्यांतून एकदा प्रतीवरील दप्तर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे आणि एखाद्या ठराविक दिवसाची शिल्लक मूळ दप्तराशी ताडून घ्यावी. ज्या प्रतीची अशी परीक्षा झालेली नाही ती केवळ आशा होय.

दप्तर राखणे ही मालकाच्या मर्जीची बाब नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र दाखल करण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना हिशेबाची पुस्तके आठ वर्षे राखावी लागतात. संगणकावर ठेवलेल्या पुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधनही २०२२ पासून त्यांच्यावर आले आहे.

पैसे पाठविण्यापूर्वी

दुसऱ्या प्रकारच्या हानीत यंत्र नव्हे तर माणूस फसविला जातो. निर्यातदार आणि आयातदार यांच्या पत्रव्यवहारावर काही दिवस पाळत ठेवून, रक्कम देण्याची वेळ आली की पुरवठादाराच्या नावाने एक ई-मेल येते. “आमचे बँक खाते लेखापरीक्षणामुळे तात्पुरते बंद आहे, या वेळची रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी,” असा तिचा आशय असतो. पत्राची भाषा नेहमीची, बीजकाचा क्रमांक बरोबर, रक्कमही बरोबर. पत्त्यात मात्र एखादे अक्षर बदललेले असते. इंग्रजी लिपीतील ‘एम’ ऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी शेजारी लिहिली तर घाईच्या वाचनात फरक कळत नाही. काही वेळा पुरवठादाराची खरी ई-मेल पेटीच हल्लेखोराच्या हाती गेलेली असते. अशा वेळी पत्त्यातही काही खोट सापडत नाही.

यावरील उपाय अगदी साधा आहे. बँक खात्यातील कोणताही बदल केवळ ई-मेल वा संदेशावर विसंबून मान्य करू नये. पूर्वीपासून नोंदवहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. ठराविक रकमेवरील प्रत्येक भरण्याला दोन व्यक्तींची संमती आवश्यक ठेवावी. बहुतेक बँका चालू खात्यावर अशी सोय देतात. एकाने व्यवहार नोंदवावा आणि दुसऱ्याने तो मंजूर करावा. हुंडीवर दोन सह्या घेण्याची जुनी चाल यापेक्षा वेगळी नव्हती.

किरकोळ व्यापाऱ्यांना वेगळ्या युक्त्यांना तोंड द्यावे लागते. मोठ्या मालाची मागणी नोंदवून “आगाऊ रक्कम पाठवितो, आलेल्या विनंतीवर पिन टाका,” असे सांगणारा इसम पैसे देत नसून घेत असतो. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. दुकानावरील क्यूआर चिन्हावर दुसऱ्याचे चिन्ह चिकटविण्याचे प्रकारही होतात. तेव्हा सकाळी दुकान उघडताना एक रुपया पाठवून तो आपल्याच खात्यात जमा होतो की नाही हे पाहणे ही चांगली सवय होय. बँकेचा अधिकारी, वीज मंडळाचा कर्मचारी किंवा संगणक दुरुस्त करणारा म्हणून दूरध्वनी करून एखादे ॲप मोबाइलवर उतरवून घेण्यास सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. असल्या ॲपमुळे पडद्यावरील सर्व काही त्याला दिसू लागते. एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, कोणासही सांगू नये. तो कोणी विचारला एवढ्यावरूनच विचारणारा खोटा आहे असे समजावे.

किल्ल्यांची व्यवस्था

दोन्ही प्रकारच्या हल्ल्यांत चोराला आत येण्यासाठी किल्ली लागते आणि ती बहुधा पासवर्डच्या रूपाने मिळते. गुंतागुंतीचा पण आखूड पासवर्ड घेऊन तो दर महिन्याला बदलण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. त्यामुळे लोक शेवटचा आकडा तेवढा बदलीत किंवा पासवर्ड कागदावर लिहून ठेवीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत बदल केला. ठराविक मुदतीने सक्तीचा बदल न करता पासवर्डच्या लांबीवर भर द्यावा, अशी शिफारस तिने केली. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि यंत्राला सहजासहजी सापडत नाही. बँक, ई-मेल आणि कराचे संकेतस्थळ यांचे पासवर्ड निरनिराळे असावेत. यांपैकी ई-मेलची किल्ली सर्वांत महत्त्वाची, कारण इतर सर्व पासवर्ड विसरल्यास नवे तिच्याच मार्गाने मिळतात. म्हणून ई-मेलला पासवर्डखेरीज मोबाइलवरील दुसऱ्या खुणेची, म्हणजे दुहेरी पडताळणीची, जोड अवश्य द्यावी.

सर्व कर्मचाऱ्यांनी एकाच नावाने संगणक वापरण्याची प्रथा सोडली पाहिजे. प्रत्येकाचे नाव व पासवर्ड स्वतंत्र असल्यास कोणी काय केले याची नोंद राहते आणि निष्पाप माणसावर विनाकारण संशय येत नाही. नवीन कार्यक्रम बसविण्याचा सर्वाधिकार रोजच्या कामाच्या खात्याला नसावा. म्हणजे चुकून उघडलेल्या घातक फायलीची मजल मर्यादित राहते. कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी त्याच्याकडून कार्यालयाच्या किल्ल्या परत घेतल्या जातात, त्याचप्रमाणे त्याचे सर्व संगणकीय प्रवेशही त्याच दिवशी बंद करावेत. हिशेबनीस वा संगणक दुरुस्त करणारा बाहेरून संगणकाशी जोडला जात असेल तर ती जोडणी कामापुरती उघडावी आणि काम संपताच मिटवावी.

वॉनाक्रायच्या उदाहरणावरून दिसते की वेळेवर केलेली दुरुस्ती हेच मोठे संरक्षण होय. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशी जुनी प्रणाली असलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. एखादे जुने यंत्र जुन्या प्रणालीवरच चालत असेल, जसे काही कारखान्यांतील कर्तनयंत्रांच्या बाबतीत घडते, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ त्या यंत्रापुरता ठेवावा. फुकट मिळणाऱ्या बनावट प्रतींचा मोह टाळावा. त्यांतून विषाणू येण्याचा धोका मोठा असतोच, शिवाय त्यांना दुरुस्त्याही नीट मिळत नाहीत. वाय-फायच्या राउटरचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बसविल्या दिवशीच बदलावा आणि ग्राहकांसाठी वाय-फाय ठेवावयाचे असल्यास ते कार्यालयाच्या वाय-फायपासून वेगळे असावे.

दुसऱ्यांची ठेव

तिसरी हानी व्यवसायापुरती मर्यादित राहत नाही. निवासगृहात उतरणाऱ्या प्रवाशाची आधारपत्रिका, रक्तचाचणी प्रयोगशाळेतील अहवाल, शिकवणीवर्गातील विद्यार्थ्यांचे पत्ते, पतसंस्थेतील कर्जदारांची कागदपत्रे ही दुसऱ्यांची ठेव असते. ती बाहेर पडली तर नुकसान त्या माणसांचे होते. त्यांच्या नावाने कर्ज उचलले जाऊ शकते, त्यांचे आजारपण जगजाहीर होऊ शकते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियमांत प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती कोणत्या कामासाठी घेतली जात आहे हे संबंधितास स्पष्ट सांगावे, त्याच कामासाठी ती वापरावी, तिच्या संरक्षणाची वाजवी व्यवस्था करावी आणि ती फुटल्यास संबंधित व्यक्तींना व माहिती संरक्षण मंडळाला कळवावे, असे या कायद्याचे सार आहे. संरक्षणाची वाजवी व्यवस्था करण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड ठरविताना कसुरीचे स्वरूप, गांभीर्य आणि कालावधी यांचा विचार व्हावयाचा आहे.

लहान व्यावसायिकाने या कायद्याचा धसका घेण्याचे कारण नाही. जी माहिती जवळ नाही ती चोरीला जात नाही, हे एक सूत्र पाळले तरी निम्मे काम होते. घरपोच माल पोहोचविण्यासाठी पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पुरेसा असताना जन्मतारीख विचारू नये. ओळख पटविण्यासाठी आधारपत्रिका घ्यावी लागलीच तर केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी झाकलेली प्रत चालते काय, हे पाहावे. ग्राहकांची कागदपत्रे कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरील व्हॉट्सॲपमधून फिरवू नयेत. काम संपल्यावर आणि कायद्याने ठरविलेली मुदत उलटल्यावर ती नष्ट करावीत. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क पूर्ण पुसून टाकावी किंवा फोडून टाकावी. केवळ फायली कचरापेटीत टाकल्याने त्या नाहीशा होत नाहीत.

संकटाच्या दिवशी

हल्लेखोर बहुधा सुटीचा मुहूर्त साधतात. नॉटपेट्या पसरला तो युक्रेनच्या राष्ट्रीय सुटीच्या आदल्या दिवशी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यांतील मोठी रक्कम ११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, २८ देशांतील यंत्रांतून अवघ्या काही तासांत काढण्यात आली. म्हणून संकटसमयी लागणारे दूरध्वनी क्रमांक बंद पडू शकणाऱ्या संगणकात न ठेवता कागदावर लिहून भिंतीवर लावावेत.

फायली उघडेनाशा झाल्या किंवा पडद्यावर खंडणीची मागणी दिसली तर प्रथम त्या संगणकाची जाळ्याची तार काढावी आणि वाय-फाय बंद करावे, जेणेकरून इतर संगणक वाचतील. पडद्याचे छायाचित्र घ्यावे. संगणक घाईने पुसून नवा करू नये, कारण तपासाला लागणारा पुरावा त्यातच असतो. प्रतीची डिस्क त्याला चुकूनही जोडू नये. खंडणी देऊ नये. दिल्यानंतर फायली मिळतील याची शाश्वती नसते आणि पैसे देणारा म्हणून नाव मात्र होते. काही जुन्या खंडणीखोर विषाणूंच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातर्फे मोफत उपलब्ध आहेत. नेदरलँड्सचे पोलीस आणि युरोपोल यांच्या पुढाकाराने तो जुलै २०१६ मध्ये सुरू झाला.

खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे ज्या बँकेत पोहोचले असतील तिला लगेच सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकली नसेल तर ती रोखून धरता येते. येथे तास नव्हे, मिनिटे मोलाची असतात. लाजेखातर किंवा मालक रागावेल या भीतीने कर्मचाऱ्याने गोष्ट दडवून ठेवल्यामुळे पुष्कळदा ही संधी हुकते. चूक तत्काळ सांगणाऱ्यावर राग धरला जाणार नाही, अशी हमी मालकाने आधीच दिलेली असावी. नेमून दिलेल्या प्रकारच्या संगणकीय घटनांची खबर सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला देण्याचे बंधन आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घातलेले हे बंधन सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांनाही त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरपासून लागू आहे.

कामाची वाटणी

वर सांगितलेली बरीचशी कामे एका साध्या वेळापत्रकात बसतात. दररोज सायंकाळी मेळ घातल्यावर हिशेबाची प्रत काढावी. दर शनिवारी सर्व दप्तराची प्रत डिस्कवर घेऊन डिस्क बदलावी आणि प्रलंबित दुरुस्त्या बसवाव्यात. महिन्यातून एकदा कोणाकोणाला प्रवेश आहे याची यादी तपासावी. तीन महिन्यांतून एकदा प्रत उघडून पाहावी. या कामांसाठी एका व्यक्तीचे नाव ठरवून द्यावे आणि काम झाल्याची सही एका वहीत घ्यावी. खर्च पाहू जाता दोन डिस्क, एक अँटिव्हायरस आणि आठवड्यातील तासाभराचा वेळ एवढाच आहे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन करण्याची चाल अनेक पेढ्यांनी आजही राखली आहे. काही ठिकाणी वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो. त्याच दिवशी प्रतीची डिस्क बाहेर काढून, दुसऱ्या संगणकावर दप्तर उघडून, गेल्या शनिवारची शिल्लक वाचून पाहावी. आकडा जुळला म्हणजे पेढीचे दप्तर सुरक्षित आहे, असे खात्रीने म्हणता येईल.